सायकलवाल्यांची बोली, मराठवाडी ठसक्यात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्याकडं दर महिन्याला दोन-चार नवीन लोक राइडला येतात आणि पहिल्या दिवशी बहुतेक जण गप्प असतात. दमलेले नसतात, शब्द कळत नसतात. पुढचा म्हणतो पुल संपला, मागचा म्हणतो मी ड्रॉप झालो, कोणीतरी बॉंकची गोष्ट सांगतंय, आणि नवीन पोरगं नुसती मान हलवतंय. मी मूळचा लातूरकडचा, सायकल लागली संभाजीनगरात आल्यावर, सुरुवातीला मी पण असाच मान हलवायचो. त्यामुळं लोक जे जे विचारतात ते सगळं एकदाच बसून लिहून काढलं.

हे सगळे इंग्रजी-फ्रेंच शब्द पाठ करायलाच पाहिजेत का?

नाही. अर्थ माहीत असावा, म्हणजे कोणी बोललं तर कळतं. तोंडातून मात्र जो शब्द पटकन निघतो तोच वापरा. रस्त्यावर ३० च्या स्पीडला विचार करून बोलायला वेळ नसतो.

ग्रुपमधे चालवताना कोणत्या हाका माहीत पाहिजेतच?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, आणि विचारतात सगळ्यात कमी लोक. आधी माझ्यासोबत झालेलं सांगतो. पैठण रोडला चौघं-पाच जण एकामागं एक चाललो होतो, माझ्या पुढचं चाक हातभर लांब, पुढचा ओरडला "ग्रॅव्हल!" मला शब्द माहीत होता की नव्हता हे आता आठवत पण नाही, पण डोक्यात अर्थ उतरायला जो एक सेकंद लागला तेवढ्यात चाक गिट्टीवर गेलं आणि मी आडवा. कोपर सोललं, हँडल वाकडं झालं, मागचा कसाबसा वाचला. त्या दिवशी चहाच्या टपरीवर बसूनच ठरलं की इथून पुढं हाका मायबोलीत द्यायच्या.

तर आमच्या हाका अशा. रस्त्यात खड्डा असला की "खड्डाऽ" आणि ज्या बाजूला आहे त्या बाजूचा हात खाली करून बोट दाखवायचं. बारीक खडी पसरलेली असली की "गिट्टीऽ". गतिरोधकाला "ब्रेकरऽ", गतिरोधक हा पूर्ण शब्द कोणी म्हणत बसत नाही. "मागून गाडी" ही हाक शेवटच्यानं द्यायची आणि ती एकेकानं पुढं पोचवायची, "समोरून गाडी" ही पहिल्यानं द्यायची आणि ती मागं पोचवायची. मधल्या एकानं जरी गिळली तरी पुढच्यांना ती कळतच नाही, म्हणून आपल्याला दिसलं असलं तरी परत ओरडायचं. "हळूऽ" म्हणजे स्पीड कमी करतोय, "थांबलोऽ" म्हणजे थांबलोच. "कुत्रंऽ" ऐकलं की सरळ रेषेत राहायचं, घाबरून हँडल वळवायचं नाही, कारण कुत्र्यापेक्षा शेजारच्याच्या चाकात चाक अडकून जास्त लोक पडतात. आणि "फुटलंऽ" म्हणजे पंक्चर.

ऊस चालू असतो तेव्हा, म्हणजे दिवाळीनंतर उन्हाळा लागेपर्यंत, आमची एक जास्तीची हाक आहे, "ट्रॉलीऽ". डबल ट्रॉलीचे ट्रॅक्टर आणि उसाच्या टायरगाड्या पहाटे अंधारात चालतात, कित्येकांना मागं ना लाइट ना रेडियम, आणि उसाच्या पाचटाचा रंग अंधारात रस्त्यासारखाच दिसतो. ही हाक ऐकली की काही न विचारता सगळे एका रांगेत.

एक गोष्ट मात्र आमच्यात बंद आहे. चौकात पहिला "क्लिअर" म्हणतो आणि मागचे न बघता घुसतात, तसं करायचं नाही. तो म्हणाला तेव्हा रस्ता मोकळा असेल, तुम्ही पोचेपर्यंत काळी-पिवळी आलेली असते. प्रत्येकानं आपली मान आपण वळवायची.

ड्राफ्टिंग, पुल, पेलोटॉन म्हणजे काय? आणि गोचीड कोणाला म्हणतात?

सपाट रस्त्यावर तुमची बरीचशी ताकद हवा कापण्यात जाते, आणि स्पीड वाढला की हवेचा विरोध वर्गाच्या हिशोबानं वाढतो, स्पीड दुप्पट तर विरोध चौपट. म्हणून दुसऱ्याच्या मागं चिकटून चालवायचं, ते ड्राफ्टिंग. मागच्याची मेहनत पाव हिस्सा किंवा त्याहून पण जास्त वाचते. पुढं राहून हवा खाणाऱ्याचा जो टर्न असतो त्याला पुल म्हणतात, टर्न संपला की तो बाजूला होऊन मागं येतो. ज्याला चिकटून राहता येत नाही आणि मागं सुटतो, तो ड्रॉप झाला. पेलोटॉन हा मोठ्या शर्यतीतला मुख्य घोळका, फ्रेंच शब्द आहे, मूळ अर्थ गुंडाळा किंवा सैनिकांची तुकडी.

जो कधीच पुढं येत नाही, कायम मागं चिकटून येतो आणि शेवटच्या किलोमीटरला मात्र सगळ्यांना मागं टाकून सुसाट सुटतो, त्याला इंग्रजीत व्हीलसकर म्हणतात, आम्ही गोचीड म्हणतो. पण नवीन माणसाला, आजारातून उठलेल्याला किंवा ज्याचा दम संपलाय त्याला हा शब्द लावायचा नाही. तो मागं राहतो कारण त्याला गरज आहे, आणि त्याला मागं घेऊन जाणं हे पुढच्याचं कामच आहे.

आपल्याकडं उन्हाळ्यात माळावरून आडवं वारं येतं, तेव्हा सरळ मागं राहून फायदा होत नाही, वाऱ्याच्या उलट्या बाजूला थोडं तिरकं राहावं लागतं. त्याला एशेलॉन म्हणतात, आम्ही तिरकी रांग म्हणतो. रहदारीच्या रोडवर मात्र अजिबात करायची नाही, अख्खी लेन अडते.

बॉंक होणे म्हणजे चक्कर येणे का?

चक्कर येऊ शकते पण गोष्ट वेगळी आहे. शरीरात साखरेचा साठा असतो, ग्लायकोजेन, स्नायूत आणि लिव्हरमधे मिळून साधारण दोनेक हजार कॅलरीचा. जोरात चालवलं आणि वरून काही खाल्लं नाही तर दीड-दोन तासात तो आटत येतो. मग एकदम पाय शिशाचे होतात, चिडचिड होते, थंडी वाजते, साधा हिशोब येत नाही, बाटली कुठं ठेवली कळत नाही. हे बॉंक. धावणारे याला भिंत लागली म्हणतात.

आपल्याकडं याला लई चांगला शब्द आहे, रिझर्व्हला लागणे. जुन्या गाडीचं पेट्रोल संपत आलं की ती ठेचकाळायची, मग खाली वाकून कॉक फिरवायचा, ज्यांनी राजदूत नाहीतर एम-एटी चालवली त्यांना वेगळं सांगायला नको. "मी रिझर्व्हला लागलो रे" असं कोणी म्हणालं की सगळ्यांनी थांबायचं. हा शब्द बॉंकपेक्षा मला जास्त पटतो कारण यात थोडं अजून शिल्लक आहे, आत्ताच सांगितलं तर घरी पोचता येईल, ही सूचना पण आहे. पूर्ण संपल्यावर सांगून उपयोग नसतो.

तिथं पोचूच नये म्हणून तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली पाहिजेत. मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात, म्हणजे तासाला एक-दोन केळी. जेल वगैरे विकत घ्यायची काही गरज नाही, राजगिऱ्याचा लाडू, गूळ-शेंगदाणे, खजूर, सगळं चालतं. उसाच्या रसाची गाडी दिसली तर थांबा, त्यात जरासं मीठ टाकून घ्या. आणि एप्रिल-मेमधे आपल्याकडं पारा ४० च्या वर जातो तेव्हा नऊच्या आत घरात, कारण ऊन लागणं आणि रिझर्व्हला लागणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ऊन लागलेल्या माणसाला नुसतं केळं देऊन चालत नाही, त्याला सावलीत घ्या, अंगावर पाणी मारा, बरळत असला तर सरळ दवाखाना.

घाटाचे काय शब्द आहेत?

चढ म्हणजे चढच. दौलताबादचा घाट आमची शाळा आहे, शहरातून निघायचं, किल्ल्याजवळच्या जुन्या दरवाजातून एकेक गाडी जाते तिथं थांबत थांबत पलीकडं जायचं, मग खुलताबादपर्यंत वर. सगळ्यात हलक्या गिअरला इंग्रजीत ग्रॅनी गिअर म्हणतात, आम्ही आजीचा गिअर म्हणतो. तो टाकायची लाज बाळगणाऱ्यांचे गुडघे दुखतात. उभं राहून पायडल मारणं म्हणजे आउट ऑफ द सॅडल, आपल्या शाळेच्या भाषेत उभ्यानं हाणणे. केओएम म्हणजे किंग ऑफ द माउंटन, राइड नोंदवायच्या ॲपवर त्या चढाचा सगळ्यात कमी टाइम ज्याच्या नावावर आहे तो.

उतारावर कोणी "सोडून दे" म्हणालं तर त्याचा अर्थ पायडल मारू नको असा घ्यायचा, ब्रेक सोड असा नाही. कन्नडच्या घाटात तर अजिबात नाही.

पंक्चरच्या दुकानात माझं बोलणं कळत नाही, काय म्हणू?

उलट आहे, त्यांचं बोलणं आपण शिकायचं. गावोगावच्या सायकल दुकानात जी भाषा आहे ती फार नेमकी आहे आणि हळूहळू जायला लागलीय याचं मला मनापासून वाईट वाटतं.

चाक डुगडुग करतंय असं म्हणू नका, "चाकात आउट आलाय, काढून द्या" म्हणा. तो लगेच चाक उलटं करून फिरवंल, खडू धरंल आणि तारा आवळंल. स्पोक म्हणजे तारा, काही ठिकाणी आरे म्हणतात. बेअरिंगचे गोळे म्हणजे छर्रे. चैन तुटली आणि चैन पडली यात फरक आहे, पडली म्हणजे फक्त दात्यावरून उतरली. मागचं सीट म्हणजे कॅरेज, पुढची आडवी नळी म्हणजे दांडी. जुनी पिढी त्याच दांडीखालून पाय घालून हाफ पायडल शिकली, सीटवर बसायला उंची पुरायची नाही म्हणून. मी पण तसाच शिकलो, चुलत्याच्या सायकलवर, खळ्यात.

आता नवीन सायकलीचं. हवा भरायच्या व्हॉल्वचे तीन प्रकार लक्षात ठेवा. साध्या सायकलचा वालट्यूबचा, मोटरसायकलसारखा जाड, आणि रोड बाइकचा बारीक लांब, त्याला प्रेस्टा म्हणतात. हायवेवरच्या टायरवाल्याकडची नळी प्रेस्टाला बसत नाही. पितळेचा छोटा ॲडॉप्टर मिळतो, तो सीटखालच्या पिशवीत ठेवा, दुकानात जाऊन "बारीक व्हॉल्व आहे, माझ्याकडं टोपी आहे" म्हणा, काम होतं. फक्त कॉम्प्रेसरनं भरताना थोडी थोडी भरायला सांगा.

पंक्चरचे पण प्रकार. ट्यूबला शेजारी शेजारी दोन भोकं दिसली तर तो स्नेक बाइट, आम्ही साप चावला म्हणतो. हवा कमी असताना खड्ड्याच्या काठावर आपटलं की रिम आणि रस्ता यांच्यात ट्यूब चेपते. एकच बारीक भोक असलं तर शंभरातल्या नव्वद वेळा बाभळीचा काटा नाहीतर सराटा. वेडी बाभूळ रस्त्याच्या दोन्ही बाजूला माजलीय, ती छाटली की काटे साइडपट्टीवर पडतात. सराटा निघाला की लगेच नवीन ट्यूब टाकू नका, टायरच्या आतून बोट फिरवा, दुसरा अजून आत असतोच.

ब्रेव्हे, एसआर, डीएनएफ हे काय?

ब्रेव्हे म्हणजे ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळात पूर्ण करायची लांबची राइड, शर्यत नाही, पहिला-दुसरा नंबर नसतो. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७ आणि ६०० ला ४० तास. एका सीझनमधे हे चारही केले की सुपर रँडोनर, तेच एसआर. मधे ठरलेल्या ठिकाणी शिक्का किंवा पुरावा घ्यायचा असतो, ते कंट्रोल. कंट्रोल सोडून मधे बाहेरून मदत घ्यायची नसते, आपलं पंक्चर आपण काढायचं. याची मोठी पंढरी म्हणजे पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस, १२०० किलोमीटर ९० तासात, १८९१ साली शर्यत म्हणून सुरू झाली, आता चार वर्षांनी होते, मागची २०२३ ला झाली.

डीएनएस म्हणजे सुरुवातच केली नाही, डीएनएफ म्हणजे पूर्ण झाली नाही. "तो डीएनएफ आहे" असं माणसाला उद्देशून कोणी म्हणालं की मला राग येतो. राइड अर्धी राहते, माणूस अर्धा नसतो.

शेवटून पहिल्याला लाल कंदील का म्हणतात?

फ्रेंचमधे लांतर्न रूज. पूर्वी रेल्वेच्या शेवटच्या डब्याला लाल कंदील लावायचे, त्यावरून टूर दी फ्रान्समधे शेवटी येणाऱ्याला ते नाव पडलं. आमच्या ग्रुपमधे मात्र तो मान अनुभवी माणसाचा असतो. तो मुद्दाम सगळ्यात मागं राहतो, त्याच्याकडं पंप, दोन ट्यूबा आणि टॉर्च असतो. कंदील पोचल्याशिवाय कोणी चहा सांगायचा नाही असा नियम आहे.

मोटरसायकलवाल्यांचे शब्द सायकलवाल्याला कशाला पाहिजेत?

रस्ता एकच आहे म्हणून. कट मारणे म्हणजे अगदी जवळून वळसा घालून पुढं जाणे. पिळणे म्हणजे ॲक्सिलेटर आवळणे, मागून गाडी पिळल्याचा आवाज आला की तो आता ओव्हरटेक करणार. डिपर मारला, म्हणजे लाइट खालीवर केला, तर दोन अर्थ होतात आणि इथंच घोळ होतो. कोणी "तू जा" म्हणून मारतो, कोणी "मी येतोय, थांब" म्हणून. आपल्याकडं बहुतेक वेळा दुसरा अर्थ धरा आणि थांबा. टिबलशीट म्हणजे तिघं एका गाडीवर, त्यांचा तोल आपल्या भरवशाचा नाही, अंतर ठेवा. बुंगाट म्हणजे एकदम फास्ट. हायवा म्हणजे मुरूम-वाळूचा मोठा टिपर, तो मागं असला की मी सरळ साइडपट्टीवर उतरतो, त्यात काही कमीपणा नाही.

रस्ता विचारला तर पाटी, फाटा, मोड म्हणतात, नेमकं काय?

मुख्य सडकेवरून गावाकडं वळायची जागा. संभाजीनगर-जालन्याकडं फाटा जास्त, लातूरकडं पाटी, आणि काही ठिकाणी मोड, जसं लातूर-नांदेड रोडला आष्टामोड. लातूरकडं कोणी "पाटीवर उतरा" म्हणालं तर बोर्ड शोधत बसू नका, ते स्टॉप सांगतायत. पांदण म्हणाले तर तो शेतातला रस्ता, पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीत रोड बाइक घेऊन अजिबात जाऊ नका. ब्रेक आणि चाक यांच्यात चिखल असा बसतो की सायकल खांद्यावर घ्यावी लागते.

कामून, हौ, करूलालाव असं बोललं तर पुण्याकडची पोरं हसतात. ग्रुपमधे शुद्ध बोलावं का?

अजिबात नाही. मला हा प्रश्न एका अंबाजोगाईच्या पोरानं विचारला होता, तो राइडमधे हाकच द्यायचा नाही, आपली बोली ऐकू जाईल म्हणून. सांगा, यात धोका कोणाला आहे? मागच्या दहा जणांना.

बोली पण एकच नाही. लातूर-धाराशिवकडं "काय करलालास, येऊलालाव", नांदेड-परभणीकडं "काय करायलास", जालना-संभाजीनगरकडं "काय करू राह्यला". का या प्रश्नाला कुठं कामून, कुठं काऊन. दहा मिनिटं सोबत चालवलं की माणूस कुठल्या तालुक्यातला ते कळतं, आणि मला तर ते ऐकायलाच आवडतं. हौ आपण पण म्हणतो आणि दखनी, म्हणजे इकडची उर्दू, बोलणारे आपले शेजारी पण म्हणतात, आणि आपला नको त्यांच्याकडं जाऊन नक्को झाला. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सगळा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, दोन्ही बोली शेकडो वर्षं एकाच मोंढ्यात आणि एकाच गल्लीत वाढल्यात. हे अशुद्ध नाही, हा आपला इतिहास आहे.

आणि वाऱ्यात "होय" उडून जातं, "हौ" ऐकू येतं. खरंच करून बघा.

शिव्या चालतात का?

ड्रायव्हरला नाही. त्याच्याकडं दहा टनाची गाडी असते आणि आपल्याकडं दहा किलोची. हात वर करून "ओ भाऊ, सायकल हाय!" एवढंच. आपसात पण ताई-माई सोबत असतात, शाळेतली पोरं असतात.

कोणाला काय हाक मारायची?

मोठ्यांना दादा, काका, बायकांना ताई. नाव माहीत नसलं तर जर्सीचा रंग, "पिवळे दादा, ट्यूब लटकायलीय". पाच किलोमीटरनंतर नाव विचारा.

समृद्धीवर चालवायची आहे, कोणता शब्द वापरून परवानगी मिळंल?

कोणताच नाही. तिथं दुचाकीला बंदी आहे, सायकलला पण. रस्ता मख्खन दिसतो मान्य आहे, पण १२० च्या स्पीडला जाणाऱ्या गाडीला तुम्ही दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. पैठणला जा, नाथसागर बघा, जाऊन येऊन शंभरी होते.

आमच्या गावात वेगळाच शब्द आहे, तो यात का नाही?

मला माहीत नसंल म्हणून. सांगा, पण सोबत गाव आणि तालुका सांगा आणि कोण म्हणतं ते पण, दुकानवाले का शाळेची पोरं. उदगीर, देगलूर, किनवटकडचे शब्द माझ्याकडं लई कमी आहेत, तिकडं तेलुगू-कन्नड जवळ, त्यामुळं चैन पडली आणि हवा गेली याला तिथल्या दुकानात काय म्हणतात ते मला पहिलं पाहिजे.